मागच्या भिंतीवरची म्हैस

तीर्थरूप काका,

नमस्कार. गुडघा कसा आहे? काकू फोनवर म्हणाली की हल्ली तुम्ही औषध वेळेवर घेता. यावर मी विश्वास ठेवलेला नाही. आम्ही सगळे ठीक आहोत, आणि मुख्य म्हणजे माझी नोकरी वाचली.

झालं असं, की माझ्या ऑनलाइन चित्रकलेच्या वर्गात पंधरा मुलं असतात. म्हणजे पंधरा काळे चौकोन असतात. (एकाने तर स्वतःचं नावच ‘आवाज येत नाही’ असं ठेवलंय. दोन महिने मी त्याला बिचारीसारखी विचारत होते, आता येतोय का.) मुख्याध्यापकांनी बजावलं होतं की मंगळवारी ते स्वतः तासाला बसतील, आणि मुलं अशीच मुकी राहिली तर वर्ग बंद. मग मी जिवावर उदार होऊन तुमच्या मागच्या भिंतीवरच्या त्या छत्रीवाल्या म्हशीचा फोटो पडद्यावर लावला (न विचारता, माफ करा) आणि विचारलं, ही कला की नासधूस? ठेवायची की पुसायची? कुणी ब्र काढला नाही. दहा मिनिटं मी जीव तोडून बोलले. मग कळलं, माझाच माइक बंद होता. तो चालू करून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुख्याध्यापक घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात एका चौकोनात एक बाई दिसल्या. एका विद्यार्थिनीची आई. नगरपालिकेत भिंती धुण्याचं काम करतात. म्हणाल्या, “पुसायचं काम माझं, ते मी करते. पण चित्र चांगलं असलं तर आधी जरा उभी राहून बघते. साहेबांना सांगू नका.”

झालं, एकेक करत सगळे चौकोन उघडले. भिंत ज्याची त्याला विचारायला नको का, म्हणून एक चष्मेवाली तुमच्या बाजूने अशी भांडली, की तुम्ही तिला दत्तक घ्याल. ‘आवाज येत नाही’चा आवाज तर थांबेना, त्याचं म्हणणं, त्या कोऱ्या भिंतीकडे आजवर बघितलं कुणी होतं? मुख्याध्यापक मध्येच बोलले, तर मुलांनी त्यांना हात वर करून थांबायला सांगितलं, आणि ते थांबले. शेवटी म्हणाले, वर्ग चालू ठेवा. मी संगणक बंद केला. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

काकूला नमस्कार.

तुमची पुतणी

ता. क. तुम्ही केलेल्या तक्रारीमुळे त्याच बाई गुरुवारी तुमची भिंत पुसायला येणार आहेत. तक्रार मागे घ्याल का?

आणखी एक ता. क. शेजारच्या सुतारकाकांशी धरलेला अबोलाही सोडा. म्हैस त्यांनी काढलेली नाही. तिचे मागचे पाय चुकलेत असं पंधराही मुलांनी एकमताने सांगितलं, तेव्हा मला निमूट ऐकून घ्यावं लागलं. बुधवारी येऊन नीट करू का? काळा रंग माझ्याकडे अजून अर्धा डबा उरलाय.