भावकीतला एक माणूस

५ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! घाटनांदूरहून जीपच्या टपावर बसून वाडीत आलो. बाहत्तरच्या दुष्काळात आजा इथून उठला, कोल्हापूरकडं सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेला अन् तिकडंच राहिला. आता मी त्याच कारखान्यात मोळ्या उतरवतो. लग्न जमलंय, पण पोरीचा बाप आप्पाराव अडून बसलाय. तुमी डोईफोडे कुठले, सोयरे कोण? भावकीतला एक माणूस आणून दाखव, मगच सुपारी.

आज्याच्या भावाचा पोरगा बंकटकाका सापडला. दारात उभं राहून ठसक्यात सांगितलं, सटवा डोईफोडे, कारखान्यावरून आलोय. आजा तिकडं वारला त्या सालचा माझा जन्म, नाव त्याचंच. काकाच्या हातातला तांब्या पडला. पाणी आठ दिवसांनी टँकरनं येतं, तरी कोणी वरडलं न्हाई.

७ ऑक्टोबर
जेवण अंगणात, पत्रावळीवर. मी घास घेतल्याबिगर घरात कोणी जेवत न्हाई. लई मान देतात. पण सोयरे विचारले की काकाची बायको साखराकाकू सानप, केकाण, आघाव एवढी आडनावंच सांगती. अरे, आजीचं माहेर कोणतं तेवढं तरी सांगा! काका म्हणतो, अमावास्या होऊ दे, मग येतो. तीन दिवस झाले, 'आत ये' म्हणून कोणी म्हणलं न्हाई. डोकं फिरलंय.

१० ऑक्टोबर
शेजारचा भारत मला बघून रस्ता बदलतो. आज कॉलर धरली, तवा बोलला. आज्याचा पाच वर्षं कागद न्हाई, सांगावा न्हाई, म्हणून भावकीनं गवताचा पुतळा जाळून त्याचे दिवस घातले. वारं सुटलं, पुतळा अर्धाच जळला. तवापासून दर दुष्काळात म्हणतात, सटवा अजून वाटंवरच हाय.
म्हणलं, अबे, मी नातू हाय!
तो म्हणला, दारात नाव काय सांगितलंस बे?

११ ऑक्टोबर
चपला गायब. काकाला दहादा सांगितलं, नातू, नातू. मान हलवतो, बस. जीपवाला मला बघून थांबलाच न्हाई —

१२, अमावास्या
भर दुपारी अंगणात बसवून अंघोळ घातली. दोघं धरून होते. घागरभर पाणी. घरात प्यायला न्हाई, अन् —
अंगावर नवं पांढरं कापड. काकू पाठ करून रडती.
सगळ्या भावकीनं डोकी भादरलीत. विचारलं, कोण गेलं?
वळचणीला बसून लिहितोय. बंकटकाका आला. हातात मडकं, मडक्यात पेटता इस्तू. मला काका म्हणला. म्हणला, चला काका, एक माणूस मागितलता ना, सगळी भावकी आलीय. मी पुढं व्हतो, तुमी —