भिंगरीपुढे टिंब नाही

सोमवार, ४ तारीख

दूध तापवलं, कपडे वाळत घातले आणि यांच्या फोटोची काच पुसत होते, तेवढ्यात वन्सं दारातून ओरडल्या की पहिल्याच दिवशी उशीर केलास तर ऑफिसवाले काही पायघड्या घालून बसणार नाहीत. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आता घरात आम्ही दोघीच. त्या त्याच ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर आहेत, आणि मी आजपासून कॉम्प्युटरच्या खोलीत, यांच्याच खुर्चीवर. हे गेल्यावर यांची कॉम्प्युटरची जाडजूड पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचायचे, तेव्हा वन्सं म्हणायच्या, वेड लागेल. आज मात्र सगळ्या मजल्यावर मिरवत होत्या, आमची भावजय बरं का!

काम सोपं आहे. जुना सर्व्हर थकला, नवा आलाय. टेबलाटेबलावरची मशीन जुन्या डोमेनमधून काढून नव्यात घालायची. डोमेन म्हणजे सगळ्या मशीनचं आडनावच म्हणा. ते असलं की सर्व्हर त्यांना घरचं समजतो. साहेबांनी विचारलं, जुन्या डोमेनला भिंगरी हे कुठलं नाव? पाय एका जागी ठरत नाही म्हणून हे मला भिंगरी म्हणायचे. वेड्या माणसानं अख्खं ऑफिस माझ्या नावावर करून ठेवलं आणि मला पत्ता नाही. आधी हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

बुधवार, ६

नवा सर्व्हर एकट्या शब्दाला डोमेन मानत नाही. नावापुढे टिंब हवं, आणि टिंबापुढे आणखी एक शब्द, म्हणजे ते कुणाच्या घरचं ते कळतं. भिंगरीपुढे काहीच नाही. निराधार नाव आहे, साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. नवं डोमेन ऑफिसच्या नावानं झालं.

सकाळी हिशेबाच्या आक्कांचं मशीन हलवलं. काम चालू असताना त्या सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या, मीही हुंकार देत होते. दुपारी डबा घेऊन शेजारी बसले तर म्हणाल्या, नवीन का तुम्ही? थट्टा समजून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

शुक्रवार, ८

आज भांडार. भांडारवाले यांचे जुने दोस्त. तुझ्या हातचा चहा अजून जिभेवर आहे म्हणाले, यांच्या आठवणीनं डोळे पुसले. मशीन नव्या डोमेनमध्ये गेलं, बंद होऊन पुन्हा चालू झालं, आणि त्यांनी मला विचारलं, आपण कुणाकडून आलात?

ज्याचं मशीन भिंगरीतून निघतं, तो मला विसरतो. लिहितानाही खुळ्यासारखं वाटतं. पण ज्यांची मशीन राहिलीत ते सगळे ओळखतात, ज्यांची हलली त्यातलं कुणीच नाही. वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, चार बुकं वाचलीस ती डोक्यात गेली.

वन्संच्या मशीनला मी हात लावणार नाही.

मंगळवार, १२

साहेबांना विनवलं, आवक-जावक तेवढं राहू द्या. जुना सर्व्हर गुरुवारी बंद होणार, नियमाला अपवाद नाही, म्हणाले. मग त्यांनी स्वतःचं मशीन हलवलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बाई, या खोलीत बाहेरच्यांना मनाई आहे.

साहेब उठून वन्संचं मशीन हलवायला आवक-जावककडे निघाले. मी मागोमाग धावले. वॉचमननं दंड धरला —

संध्याकाळ. घराला आतून कडी. वन्संनी फटीतून पाहिलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला? आपल्याला! जन्मात मला अगं-तुगंशिवाय हाक मारली नाही या बाईनं. त्यांच्या मागे भिंतीवर यांचा फोटो. मी बोट दाखवून म्हटलं, यांची बायको मी. हळू आवाजात म्हणाल्या, माझ्या भावाचं लग्न झालं नव्हतं हो.

दार लावलं.

बुधवार, १३

घराबाहेर जिन्यात बसून आहे. भिंगरीत आता एकच मशीन, माझं. तेही हललं तर मग मला मी तरी —

नाही. वाट आहे. नियम टिंबाचा आहे ना? मग भिंगरी, टिंब, आणि पुढे यांचं नाव. नवीन डोमेन. चालेल. सगळ्यांना एकेक करून परत आणीन. आधी वन्संना.

गुरुवार, १४

झाडूवाल्या बायांबरोबर ऑफिसात शिरले. माझं मशीन चालू होतं. पडद्यावर ऑफिसचं डोमेन. कुणी हलवलं, कधी —

नव्या सर्व्हरसमोर बसले. भिंगरी लिहिलं. टिंब दिलं. पुढे यांचं

यांचं

ही वही पहिल्यापासून चाळली. हे म्हणायचे. हे गेल्यावर. यांची खुर्ची. यांचा फोटो. नाव कुठेच नाही. कधी तोंडानं घेतलंच नाही, लिहिणार कुठून —

काच पुसत होते. काचेमागे कोण

जिन्यात पावलं. मी टिंबापुढे बोट ठेवलं आणि