काळ्या शेवेलची पुढची चाकं आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, कोल्बी रे स्टिल्टनर, वय सव्वीस, सध्या मुक्काम व्हर्लिनमामांच्या गॅरेजमागची खोली, स्टोनकोल फोर्क, पूर्व केंटकी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कुणी मानगुटीवर बसलेलं नसताना लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. दारू प्यालेलो नाही, कॉफी दोन कप झाली आहे. सोमवारी मी डकोटाला विजेच्या मनोऱ्यांवर चढण्याच्या कामाला निघतोय. तिथला मुकादम फोनवर म्हणाला, "पोरा, आधी मृत्युपत्र कर, मग बूट घे." म्हणून हा खटाटोप. याआधी असा काही कागद मी केलेला नाही. कुणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम १. घर नाही. सात राज्यांत राहिलो, पण माझ्या जुडग्यात एकाही घराची किल्ली नाही. तंबू आहे, तो बहीण ट्रेसाला द्यावा. त्याची चेन मधेच अडकते, मेणबत्ती घासावी. टेनेसीत याच तंबूत एकदा खारीने पिल्लं घातली होती आणि मी नऊ दिवस बाहेर झोपलो. ते असो.

कलम २. बँकेत जे निघेल ते ट्रेसाचं. गिटारही तिलाच. तिला वाजवता येत नाही. मलाही येत नव्हती.

कलम ३. हत्यारं मामांकडे जावीत. त्यातला टॉर्क पाना मुळात त्यांचाच आहे. ओहायोला जाताना मी तो न विचारता घेऊन गेलो होतो.

कलम ४. सत्तर सालची, काळी, दोन दारांची शेवेल गाडी. ही मामांनी मला अठराव्या वाढदिवसाला दिली. ती व्हर्लिन डॉटसन, म्हणजे मामांनाच परत जावी. मामांनी दोन वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही, त्यांना गाडी कशाला, असं लोक विचारतील. ते गाडी चालवत नाहीत ते माझ्यामुळे. खरं तर हा सगळा कागद तेवढ्यासाठीच आहे.

ही गाडी सरळ रस्त्यावर वाघ आणि वळणावर म्हैस होती. आमच्या डोंगरात सरळ रस्ता कुठे असतो? म्हणून दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात, मामा आणि मी तिचं सगळं पुढचं अंग बदलायला घेतलं. नवे वरचे-खालचे आर्म, नवे बॉल जॉइंट, जाड आडवा दांडा, कमी फिरवून जास्त वळणारा स्टिअरिंग बॉक्स आणि चाकांना स्टिअरिंगशी जोडणारे नवे टायरॉड. मामांची एक पद्धत होती. नट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळायची, ती फिरून सुटू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवायचे आणि मग त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम पुरं. रेघ दिसली की मामा त्या नटकडे पुन्हा बघत नसत.

मला सारखी रंगाची बाटली उघडायचा कंटाळा. मी आधी सगळ्या नटांवर रेघा ओढून घ्यायचो आणि मागून आवळत जायचो. त्या दुपारी उजव्या चाकाच्या टायरॉडची नट नुसती हाताने फिरवलेली होती आणि तिची पिन माझ्या बोटांत होती. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की चर्चमागच्या झाडावर अस्वल चढलंय. मी पिन खिशात टाकली आणि गेलो. अस्वल खरंच होतं. पिल्लू होतं आणि त्याच्या आईची वाट बघत निम्मं गाव उभं होतं. तीन तास गेले. तेवढ्या वेळात मामांनी पिवळ्या रेघा पाहिल्या, चाकं चढवली, गाडी टेकूच्या लोखंडी घोड्यांवरून उतरवली आणि बाहेर काढली. मॅलरीच्या वळणावर उजवं चाक भलतीकडेच गेलं. गाडी ओढ्यात आणि मामांचा डावा पाय चेपलेला.

गाडीचं तोंड इतकं चेंदलं होतं की कुणाला काही कळलं नाही. कागदोपत्री कारण आलं, 'वेग'. मामांनी स्वतःला सांगितलं की आपले डोळे आणि हात गेले. पिन मला त्याच आठवड्यात जॅकेटच्या खिशात सापडली.

कलम ५. शेजारी इस्टिल कॉम्प्टन यांनी चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं की अपघाताच्या दिवशी व्हर्लिनच्या तोंडाला वास येत होता. येत असणार, ताकाचा. त्या दुपारी त्यांनी मक्याचा पाव ताकात कुस्करून खाल्ला होता. इस्टिल यांना मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं पोस्टातल्या रीव्हाबाई सांगतात. तेव्हा साक्षीला इस्टिलच योग्य.

कलम ६. शेवेलचं पुढचं अंग यंदाच्या हिवाळ्यात मी पुन्हा नवीन केलं आहे. पुढे कुणी आर्मचे रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःचं वजन घेऊन उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश पिळून राहतो आणि महिन्यात फाटतो. मी हे करून पाहिलं आहे.

इथवर लिहून वाचलं आणि थांबलो. हा कागद उघडणार कधी? मी मनोऱ्यावरून पडलो तर. नाही पडलो, म्हातारा होऊन मेलो, तर मामा जन्मभर ओसरीवरच बसून राहणार. म्हणून कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. मामा टेबलाशी होते, विल्डामामी घेवडा निवडत होत्या.

म्हटलं, "मामा, मॅलरीच्या वळणावर तुमची चूक नव्हती."

"परत तेच? डोळे गेले माझे, विषय संपला."

"डोळे नाही गेले. उजव्या नटला पिनच नव्हती. रेघ मी आधीच ओढली होती. पिन माझ्या खिशात सापडली."

मामींचे हात थांबले. मामांनी विचारलं, "कधी सापडली?"

"तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा."

"मग तू काय केलंस?"

"ॲरिझोनाला गेलो."

"ॲरिझोनाला!" मामा म्हणाले. "एकतीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवला मी या डोंगरात. साधा आरसा घासला नाही कुणाला. आणि आता ही बाई मला शेजारी बसवून चर्चला नेते, लहान पोरासारखं."

मामी म्हणाल्या, "टीव्ही लावून ठेवतात रे, आणि स्वतःचे हात बघत बसतात. मला वाटायचं, दुखतायत."

मामांनी कागद ओढून घेतला, चौथं कलम वाचलं, एकदा पुन्हा वाचलं, पाचवंही वाचलं आणि चौथ्यातल्या देण्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

"मी अडुसष्टचा, तू सव्वीसचा. तू मेल्यावर मला गाडी देणार? अक्कल कुठे ठेवून आलास, ॲरिझोनात?"

"मग काय करू?"

"किल्ली ठेव इथे."

मी ठेवली. विचारलं, "मामा, माफ केलंत?"

"तसं काही लिहू नकोस. अजून केलेलं नाही. ऐकलं, एवढंच लिही." दाराशी जाऊन परत वळले. "आणि इस्टिलचं कलम राहू दे."

गॅरेजात ते काठी टाकून, अधू पाय सरळ धरून गाडीखाली आडवे झाले. पिवळ्या रेघांकडे बघितलंही नाही. एकेक नट, एकेक पिन बोटाने चाचपली. मी बॅटरी धरायला वाकलो तर म्हणाले, "सरक, उजेड अडतोय." मग उठून गाडीत बसले. नंतर गाडी बाहेर निघाली. मला बस म्हणाले नाहीत. त्याच वळणावरून जाऊन अर्ध्या तासाने परत आले आणि मामींना म्हणाले, "चांगली वळते."

म्हणून दुरुस्ती अशी: कलम ४ मधलं देणं रद्द, कारण शेवेल आता माझी मालमत्ता नाही. त्यातला बाकीचा मजकूर मात्र कायम ठेवावा आणि हवा त्याने वाचावा.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी व्हर्लिन डॉटसन यांनी करावी. त्यांनी ते मान्य केलं आहे. सोमवारी मला बसपर्यंत तेच सोडणार आहेत. गाडी तेच चालवतील. वाटेत माझ्याशी बोलणार नाहीत, असं मामींकरवी कळवलं आहे.

सही: कोल्बी रे स्टिल्टनर

वरील सही आम्हां दोघांसमोर झाली:
१. रीव्हा थॅकर
२. इस्टिल कॉम्प्टन (कलम ५ वाचलं. ताकाचं मला माहीत नव्हतं. उद्या चर्चमध्ये सांगतो.)

स्टोनकोल फोर्क, शनिवार, १८ मे २०२४