पुन्हा फोन आला नाही

४ तारीख, सोमवार. सकाळी.
ही काल धाकट्या बहिणीकडे गेली. मोठी बॅग घेऊन. स्वेटरसुद्धा नेले. बहिणीचं घर याच गावात, बसने अर्धा तास. तिकडे गारठा जास्त असावा.
निघताना म्हणाली, मला आता तुमच्याबरोबर राहायचं नाही. म्हटलं, बरं, पोचलीस की फोन कर. बायकांना अधूनमधून असा चेंज लागतो. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे, उगाच बोलत नाही. रविवारपर्यंत येईल.
संकल्प: तोवर घर लख्ख ठेवायचं. दारात पाऊल टाकताच तिने तोंडात बोट घातलं पाहिजे.

संध्याकाळी.
पोचल्याचा फोन नाही. म्हणजे नीट पोचली.
आमच्या तक्रार विभागाचा हाच नियम आहे, आणि तो मी बसवलेला आहे. गीझरची कंपनी. पाणी तापत नाही म्हणून लोक फोनवर तापतात. आपण गोड बोलायचं, 'नोंद घेतली आहे' म्हणायचं आणि थांबायचं. आठवडाभर पुन्हा फोन आला नाही, तर तक्रार मिटली. बहुतेक सगळ्या अशाच मिटतात, मेकॅनिक न पाठवता. जुन्या साहेबांनी याबद्दल मला सगळ्यांसमोर घड्याळ दिलं होतं.

५ तारीख.
नव्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पोरगेला माणूस आहे, पण नम्र. आमच्या विभागाचं नाव बदललं. आता 'ग्राहक अनुभव कक्ष'. नवीन भरती झाली आहे. शुक्रवारी, पंधरा तारखेला, मी त्यांच्यासमोर तासभर 'अनुभव' या विषयावर बोलायचं. साहेब म्हणाले, तुमच्याइतका अनुभव इथे कुणालाच नाही. खरं आहे. मी नाही म्हणालो नाही.
संकल्प: रोज पहाटे उठून भाषणाची तयारी.

७ तारीख.
पहाटे जाग आली नाही. चहा पिताना तयारी केली.
अनुभवाचे प्रकार. एक, नोकरीतला. तो वर्षांत मोजतात, आणि तो माझ्याकडे भरपूर आहे. दोन, येतो तो. 'त्या माणसाचा मला वाईट अनुभव आला.' हा नेहमी दुसऱ्याकडून येतो. 'मी त्याला वाईट अनुभव दिला' असं म्हणताना अजून कुणी ऐकलेलं नाही. चांगला मुद्दा आहे, हशा मिळेल. तीन, मुद्दाम घेतात तो. लोक पैसे भरून डोंगर चढतात वगैरे. हीसुद्धा म्हणायची, एकदा समुद्र बघायला जाऊ, अनुभव तरी घेऊ. मी नोंद घेतली होती. पुढे म्हणायची थांबली. हौस फिटली असणार.
भात केला. खाली करपला, वर कच्चा. खाल्ला. चव कळली नाही, हे बरंच झालं.

८ तारीख.
लेकीचा फोन. ती आणि जावई दुसऱ्या गावी असतात. आई कशी आहे म्हणाली. म्हटलं, मजेत. ती म्हणाली, बाबा, आई माझ्याशी रोज बोलते. मग मला विचारायचं कशाला?
मग म्हणाली, तुम्हाला काय वाटतंय? म्हटलं, ठीक. म्हणाली, ठीक नको, खरं काय वाटतंय ते सांगा. मी प्रामाणिकपणे आत शोधलं. काही सापडलं नाही. तसं सांगितलं. तेवढ्यात फोन बंद झाला. तिच्याकडे रेंजचा त्रास आहे.

१० तारीख, रविवार.
आली नाही. रविवारी बसला गर्दी असते.
साडूंचा फोन आला. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस एरवी गमत्या, आज गंभीर. म्हणाले, भाऊ, तुम्ही स्वतः या, समोरासमोर बोला, अशा गोष्टी ताटकळत ठेवू नयेत. मी त्यांना आमचा आठवड्याचा नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, धन्य आहे तुमची! मोकळ्या मनाने कौतुक करणारी माणसं हल्ली कमी.
गार पाण्याने आंघोळ. घरचा गीझर पाच-सहा वर्षांपासून बंद आहे. आमच्याच कंपनीचा. हिने त्याबद्दल दोन-तीनदा सांगितलं होतं, पुढे सांगितलं नाही. गार पाण्याचं काही वाटलं नाही. कशाचंच हल्ली फारसं वाटत नाही. तब्येत कणखर आहे.

१२ तारीख.
घर लख्ख करणार होतो. खुर्चीवरचे कपडे पलंगावर ठेवले, झोपायच्या वेळी परत खुर्चीवर. सुरुवात तर झाली.
बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. ही पूर्वी फार कुरकुर करायची. जेवताना एक शब्द बोलत नाही, टीव्ही मोठा लावता, माझ्या आजारपणात एकदा कपाळाला हात लावला नाहीत. रोज काही ना काही. पण गेली चार-पाच वर्षं एक अक्षर नाही. म्हणजे आमचा संसार अलीकडे उत्तम चालला आहे! भाषणात हे उदाहरण घ्यावं. नाव न घेता.

१५ तारीख, शुक्रवार.
भाषण झालं.
सुरुवात झकास. वाईट अनुभवाच्या मुद्द्यावर हसतील वाटलं होतं, हसले नाहीत, लिहून घेत होते. मग आठवड्याचा नियम सांगितला. माणूस गप्प झाला की समजायचं, समाधान झालं.
पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, त्याने दुसऱ्या कंपनीचा गीझर घेतला म्हणून तो गप्प झाला असेल तर?
सगळे हसले. साहेबही. मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे. पाणी प्यायलो. पुढचा मुद्दा आठवेना. पुन्हा पाणी प्यायलो. साहेबांनी आभार मानले आणि सगळे चहाला गेले. तासाचं भाषण वीस मिनिटांत आटोपलं. थोडक्यात सांगता येणं हीसुद्धा एक कला आहे.

१६ तारीख.
सुट्टी. त्या पोरीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. चार पावसाळे पाहिले नाहीत आणि विचारते कशी.
तसं काही नाहीच. पण खात्री करायला काय हरकत आहे? उद्या साडूंकडे जातो. टॅक्सीने, बॅग मोठी आहे. मेकॅनिकलाही सोमवारी बोलावलं. उद्या फक्त 'चल' म्हणायचं. फार बोलायचं नाही, त्याने माणसं डोक्यावर बसतात.

१७ तारीख, रविवार. दुपारी.
टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून वर गेलो. दार साडूंनी उघडलं. आत स्वयंपाकघरात कुणी बाई खळखळून हसत होती. साडूंना म्हटलं, पाहुणे आहेत वाटतं, मग येतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अहो, ताईच आहेत. हिचं हसणं मला ओळखू आलं नाही.
ही बाहेर आली. हसणं थांबलं होतं. पाणी दिलं. 'चल' म्हणायचं राहून गेलं. म्हटलं, गीझर दुरुस्त होतोय. म्हणाली, छान. म्हटलं, समुद्र बघायला जाऊ. म्हणाली, गेल्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन आलो, मजा आली.
मग म्हटलं, तुझी काय तक्रार असेल ती सगळी सांग, मी बसलोय. ती म्हणाली, नाही हो, आता काही नाही.
रागाने म्हणाली असती तर सोपं होतं. आरडाओरडा करणाऱ्यांशी बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ती रागावलेली नव्हतीच. दारावर आलेल्या विक्रेत्याला सांगावं तसं सांगितलं. वर, जेवून जा म्हणाली. मीठ कमी घालते, तुम्हाला कमी लागतं ना.
जेवलो नाही. टॅक्सी रिकामीच परत आणली.

संध्याकाळी.
काहीतरी होतंय. छातीत म्हणावं तर छातीत नाही, पोटात म्हणावं तर पोटात नाही. बसवत नाही, उठवत नाही. आधी असं कधी झालं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. याचा मला अनुभव नाही.
लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं. विचारलं, अशा वेळी माणसं काय करतात? रेंज होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, बाबा, अशा वेळी रडतात.
म्हटलं, बघतो प्रयत्न करून.