अर्धी रायफल तुमच्याकडे

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. (अकरा वर्षांचे साठलेत, जमतील तसे घ्या.) काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठणठणीत. बाबा तर भांडण्याइतके.

मी हल्ली म्युझियमच्या वर्कशॉपमध्ये जुन्या लष्करी रायफली ओळखायला आणि दुरुस्त करायला शिकते. (सगळ्या निकामी केलेल्या. आवाज फक्त आमच्या साहेबांचा.) साहेबांना आम्ही 'भिंग' म्हणतो, कारण चहाचा कपसुद्धा ते भिंगातून तपासून घेतात. तर आजोबांनी तुम्हा भावांना एकेक रायफल दिली आणि पणजोबांनी लढाईत नेलेली खरी कोणती, यावरून तुम्ही दोघांनी बोलणं टाकलंत. त्यातली आमच्या वाट्याची मी मोठ्या तोऱ्यात भिंगांपुढे ठेवली. आईने तिच्या लाकडी दस्त्यावर कपाटाचं उरलेलं व्हार्निश तीनदा चोपडलेलं. मी पॉलिश पेपर घेऊन तुटून पडणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. "घासू नकोस. आधी वाच." मग आठवडाभर मी कापसाच्या बोळ्याने व्हार्निश उतरवत बसले. (नखं अजून तपकिरी आहेत.) खाली लाकडावर नंबर निघाला, नळीवरही तोच. मी हवेत. मग भिंगांनी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा मागचा दांडा, ओढून बाहेर काढला आणि त्यावरचा नंबर भलताच! कारखान्यात रायफल आणि बोल्ट एकमेकांना घासून बसवतात, म्हणून दोघांचा नंबर एकच असतो म्हणे. आमची म्हणजे अर्धी एक, अर्धी दुसरीच.

घरी हे सांगितल्यावर बाबा भिंगांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील असं वाटलेलं. ते पेपराआड गेले. पानामागून आवाज आला, "लहानपणी तेल द्यायला आम्ही दोन्ही खोलल्या होत्या. तुझ्या आजोबांची पावलं वाजली. घाईत बोल्ट मीच बसवले."

म्हणजे काका, अर्धी खरी तुमच्याकडे आणि अर्धी आमच्याकडे. अकरा वर्षं तुम्ही दोघं एकाच रायफलीच्या बाजूने भांडत होतात.

लोभ होताच, तो थोडा बाहेर काढावा, ही विनंती.

तुमची पुतणी

ता. क. : रविवारी वर्कशॉप उघडं असतं. तुमच्या रायफलीचा बोल्ट घेऊन याल का? (खरं तर पत्र एवढ्याचसाठी.)

ता. क. २ : बाबांना या पत्राचं काही माहीत नाही.

ता. क. ३ : माहीत झालं. शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि आता पेन मागतायत.

ता. क. ४ : अक्षर ओळखशीलच. बोल्ट राहिला तरी चालेल. तू ये.