अडकित्त्याने कापलेल्या गोळ्या

मी, गहिनीनाथ सावळेराम वाकळे, वय चौसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझी फुफ्फुसे गेली. अक्कल शाबूत आहे, पण ती उशिरा आली.

१. माझे स्वकष्टार्जित घर आणि ओढ्याकाठचे शेत माझा मयत भाऊ गोरक्ष याची मुलगी मनकर्णा हिला द्यावे. सगळे द्यावे. माझा मुलगा काकासाहेब याला त्यात हिस्सा नाही. कारण लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांना क्षय झाला. मी दवाखान्यात नाव घातले. गोरक्ष येईना. म्हणाला, "नाव लागलं तर माज्या पोरीचं लगीन व्हईल का?" मग मी माझ्याच गोळ्या अडकित्त्याने कापून निम्म्या त्याला दिल्या. भाकरी असो की गोळी, आमचा वाटा सारखा, याचा मला केवढा तोरा होता! दुसऱ्या वर्षी तो गेला. मी खोकत खोकत राहिलो. मनकर्णाला मी वाढवले, आणि माझी पिकदाणी तिने उचलली.

दिवाळीत तिच्या थुंकीत रक्त आले. घाबरलो नाही, आता गोळ्या आहेत, म्हटले. थुंकी तपासायला बाहेरगावी पाठवली होती. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, या गोळ्या हिला लागू पडणार नाहीत."

"अहो, तिने जन्मात एक गोळी खाल्ली नाही!"

"तुम्ही खाल्लीत ना. कोट्यवधी जंतूंत एखादा जन्मतःच वेगळा निपजतो, गोळीने न मरणारा. तुमच्या अर्ध्यामुर्ध्या औषधाने बाकीचे मेले आणि तसलेच उरले. त्यांची पिल्ले त्यांच्याच गुणाची. खोकल्यातून तीच हिच्याकडे गेली."

माझी पहिली मिळकत तिला कागदाशिवायच पोचली होती.

२. मुंबईहून येणाऱ्या नव्या लाल कॅप्सुली तिला पुरे अठरा महिने द्याव्यात. पहिली खेप माझ्या बायकोच्या पाटल्या मोडून आणली आहे. पुढे लागेल तर शेत विकावे.

३. काकासाहेब म्हणतो, "तात्या, हिचं लगीन उरकून टाकू, कळतंय कुनाला?" लपवाछपवीने त्याचा चुलता गेला, तरी याचे डोळे उघडत नाहीत. त्याला माझी सायकल द्यावी. तिचे औषध त्याने त्याच सायकलवरून आणावे.

४. काल माझ्या उशीखाली चार लाल कॅप्सुली सापडल्या. मनकर्णा म्हणाली, "एक दिसाआड तुमच्यासाठी ठिवल्यात, तात्या. तुमी लई खोकता. वाटून घिऊ." आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उगारला, आणि मग तिच्यापुढे हात जोडले.

म्हणून सांगतो, औषधात कोणाचा वाटा नाही, माझाही नाही. आजपासून मी शेतावरच्या खोपीत राहीन. कोणी अर्धे मागितलेच, तर त्याला औषधाऐवजी तो अडकित्ता द्यावा.

राजूर, ता. ११ फेब्रुवारी १९७३
सही: गहिनीनाथ सावळेराम वाकळे

साक्षीदार: राधाकृष्ण बाबुराव देशमुख (सही)
भागूबाई लक्ष्मण मुतडक (अंगठा)

साक्षीदारांखाली, मनकर्णाच्या अक्षरात:
वाचले. एकटीच घेईन, तात्या.