निष्ठेचं वाक्य

३ फेब्रुवारी, सकाळी ७

आजपासून निष्ठा बंद.

काल पंख्यांच्या कंपनीत मला वीस वर्षं पूर्ण झाली. साहेबाने सगळ्यांना उभं करून, कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, असं अर्धा तास ऐकवलं आणि मला टेबल फॅन भेट दिला. घरी येऊन खोका उघडला तर पात्याचा टवका उडालेला. पंख्यावरचा नंबर ओळखीचा वाटला. हा पंखा एका शिक्षिकाबाईंनी खडखडतो म्हणून परत पाठवला होता. 'हा आवाज नैसर्गिक असून काही दिवसांत सवय होईल' असं उत्तर त्यांना मीच लिहिलं होतं. तक्रारींना उत्तरं लिहिणं हेच माझं काम. दिवसाला चाळीस.

साहेबाला ऑफिसात सगळे रेग्युलेटर म्हणतात. कोणाला किती वारा लागू द्यायचा ते तोच ठरवतो. नाव मी ठेवलंय. माझ्या बुद्धीची कदर तेवढ्यापुरतीच झाली.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

ठराव. यापुढे पगारापुरतंच काम. दिवसाला दहा पत्रं, अकरावं मेलो तरी नाही. उरलेली ताकद नोकरीबाहेरचं उत्पन्न उभं करण्यात घालवायची. वर्षअखेरीला राजीनामा रेग्युलेटरच्या टेबलावर. उडू नये म्हणून वर हाच पंखा.

हिला सांगितलं. ही म्हणाली, घराचा हप्ता आणि मुलीची फी त्या पगारातूनच जाते, तेव्हा काय उभं करायचं ते करा, पण नोकरीला धक्का लावू नका. हिला व्हिजन नाही.

७ फेब्रुवारी

मधमाश्या, मेणबत्त्या, ऑनलाइन योगासनं, सगळ्याचा विचार केला. मधमाश्या चावतात. मेणबत्त्यांना भांडवल लागतं. योगासनांसाठी खाली वाकावं लागतं, आणि वाकण्याचं काम वीस वर्षं करून झालंय. शेवटी ठरवलं, जे येतं तेच विकायचं. कंपन्यांना तक्रारींची उत्तरं लिहून द्यायची. संस्थेचं नाव 'समाधान सेवा'. मालकीण म्हणून ही, कारण नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही असं आमच्या करारात छापलंय. सही करताना हिने दोनदा विचारलं, यापायी नोकरी तर जाणार नाही ना. मी नुसता हसलो.

२१ फेब्रुवारी

डिरेक्टरीतून उतरवून बारा कंपन्यांना ईमेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. सगळे बेअक्कल.

ऑफिसात ठराव चोख पाळतोय. टेबलावर तक्रारींचा ढीग माझ्या हनुवटीपर्यंत आलाय. रेग्युलेटर दोनदा येऊन ढिगाकडे बघून गेला. मी दहावं पत्र संपवून नखं कापत बसलो होतो. वीस वर्षांत इतका छान महिना गेला नाही.

२ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. आमचीच कंपनी. नावं उतरवण्याच्या भरात यादीत ती नवव्या नंबरवर आली होती, माझ्या लक्षातच आलं नाही. रेग्युलेटर 'आदरणीय मॅडम'ना लिहितो, आमच्याकडे तक्रारी तुंबल्या आहेत, आमचा माणूस थकलेला दिसतो. मी आणि थकलेला. तुझा बाप थकलेला.

पण डोकं शांत ठेवलं. एकाच ढिगाचे पैसे कंपनी आता दोनदा मोजणार, पगारातून एकदा आणि समाधानला एकदा. याला म्हणतात सूड. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दर मात्र अगदी पाडून लावला.

१५ मार्च

सकाळी निघण्यापूर्वी वीस पत्रं, संध्याकाळी आल्यावर वीस. हात आपोआप चालतो. ऑफिसात जाऊन विश्रांती घेतो.

आज समाधानचं एक पत्र रेग्युलेटरने नोटीस बोर्डावर लावलं. मला मुद्दाम उभं करून सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा, बाहेरची माणसं कशी जीव ओतून काम करतात. शिका काहीतरी." मी मान खाली घातली. आतून हसू फुटत होतं. मग रागही आला. इतकी वर्षं हाच हात हीच पत्रं लिहीत होता, तेव्हा या माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघाला नाही. घरी येऊन तो पंखा लावला. नुसता खडखडाट. सवय वगैरे काही होत नाही, शिक्षिकाबाईंचं बरोबर होतं.

२ एप्रिल

वार्षिक मूल्यमापन. रेग्युलेटरने कागदावर दोन रकाने आखले होते. माझी दिवसाला दहा पत्रं, समाधानची चाळीस, तीही स्वस्तात. दोघांत माझा दुसरा नंबर आला. पहिलाही मीच असल्यामुळे मनाला लावून घेतलं नाही. पगारवाढ शून्य. भिकारडे.

९ एप्रिल

मास्टरस्ट्रोक. रेग्युलेटरने केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. म्हणाला, तुम्ही जुने, अनुभवी, समाधान सेवेबद्दल तुमचं लेखी मत द्या. सावज आपल्या पायांनी आलं. दीड पान लिहिलं. संस्था कामात चोख, दर वाजवी, माणसं विश्वासू, सबब तक्रार विभागाचं सर्वच्या सर्व काम त्यांच्याकडे सोपवावं. खाली झोकदार सही. रेग्युलेटरने दोनदा वाचून विचारलं, सगळं काम, नक्की ना? मी म्हटलं, डोळे झाकून द्या.

घरी सांगितलं. हिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, सगळं काम इकडे आल्यावर तुम्ही तिथे काय करणार?"

बाहेरच्यांवर देखरेख ठेवायला आतला अनुभवी माणूस लागतोच, असं समजावलं. तो माणूस मीच असणार. हिने गॅस पुन्हा पेटवला. बायकांना धंदा समजावणं कठीण.

२० एप्रिल

पूर्ण कंत्राट मिळालं. एक अट आहे, समाधानने दुसऱ्या कोणत्याही कंपनीचं काम घ्यायचं नाही. दुसरं कोणी विचारतच नाही, त्यामुळे फुकटात मान्य केली. हिने सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

देखरेखीच्या पोस्टचं पत्र अजून निघालेलं नाही. आमचं एचआर पहिल्यापासून ढिलं.

२८ एप्रिल, संध्याकाळी

कंपनीकडून खास ऑर्डर. एका जुन्या कर्मचाऱ्याला सेवेतून मोकळं करायचं आहे. वीस वर्षं नोकरी झाली आहे, पत्र सौम्य असावं, नावाची जागा कोरी सोडावी.

बहुधा गोदामवाले काका. बिचारे. त्यांना काय वाटेल या विचाराने गलबलून आलं आणि जीव ओतून लिहिलं. शेवटचं वाक्य तर असं जमलं की मीच तीनदा वाचलं: 'आपण दाखवलेल्या निष्ठेची ही कंपनी सदैव ऋणी राहील.' हिला वाचून दाखवलं. हिने विचारलं, काकांची वर्षं किती झाली? म्हटलं, सव्वीस. मग वीसवाला कोण? म्हटलं, असेल कोणीतरी, एवढं मोठं ऑफिस आहे. ही उठून मुलीच्या खोलीत गेली.

३० एप्रिल

केबिनमध्ये बोलावलं. या वेळी खुर्ची दिली नाही. लिफाफा दिला. कोऱ्या जागेत माझं नाव होतं. सोबत माझंच दीड पानी मत जोडलेलं, माझ्या झोकदार सहीसकट.

बस स्टॉपवर बसून पत्र वाचलं. आधी सवयीने चुका शोधल्या. एकही नव्हती. मग डोळ्यांत पाणी आलं. कंपनी माझ्याशी इतक्या मायेने कधी बोलली नव्हती.

शेवटचं वाक्य मात्र नव्हतं. तेवढं खोडलं होतं. खूप लागलं.

४ मे

घराचा हप्ता सात तारखेला.

रेग्युलेटरचा मॅडमना ईमेल. पत्र उत्तम होतं, फक्त ते निष्ठेचं वाक्य यापुढे घालू नये, उद्या कोणी ते दाखवून भरपाई मागेल. अशी आणखी चार पत्रं लागतील, त्यांपैकी एक गोदामात सव्वीस वर्षं झालेल्या गृहस्थांसाठी. शिवाय आता आपण एकाच कुटुंबातले असल्यामुळे दर थोडा कमी करावा.

ही म्हणाली, "याला मी उत्तर देणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

मग मीच मॅडमच्या वतीने लिहिलं. वाक्य वगळतो. दर मान्य आहे. चारही पत्रं उद्या सकाळी मिळतील.

ईमेल आल्यापासून दोन मिनिटांत उत्तर गेलं.